वेचणीच्या दिवसांत झोळीतल्या लेकराशी बोलतं कोण?

धुऱ्यावरची शाळा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी अकरा वर्षांपासून शिकवते. पहिली-दुसरी माझ्याकडे असते. दिवाळीनंतर जे पाहिलं ते काही केल्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आमच्या शाळेतली तिसरीची एक मुलगी सुट्ट्या संपल्या तरी आली नाही. पंधरा दिवस वाट पाहून मी तिच्या घरी गेले. दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "माय वेचाले गेली, पोट्टीबी तिकडंच हाये." नाल्यापलीकडच्या वावरात बाया ओळीनं कापूस वेचत होत्या. धुऱ्यावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली. आमची विद्यार्थिनी झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून बसली होती. पायानं झोका देणं आणि हातानं कापसातला पालापाचोळा निवडणं, दोन्ही चालू. झोळीत तिचा चौदा महिन्यांचा भाऊ. मी वाकून पाहिलं तर जागाच होता. रडत नव्हता, वर फांदीकडे बघत पडला होता.

मी तिथे पाऊण तास होते. तेवढ्या वेळात त्या बाळाशी कोणी चकार शब्द बोललं नाही. आईला मजुरी किलोवर मिळते. बहिणीला सांगून ठेवलेलं, "निजू दे त्याले, उठला त काम होत नाही." मला पाहून आई लगबगीनं आली, बाळाला पाजलं, पाजता पाजता पदराच्या टोकाला थुंकी लावून त्याच्या कपाळावरची धूळ पुसली, आणि पुन्हा ओळीला लागली. मायेत कुठे कमी नव्हती. वेळच नव्हता.

दरवर्षी पहिलीत अशी चार-पाच मुलं येतात, जी काहीही विचारलं तरी एका शब्दात उत्तर देतात. "काल काय खाल्लं?" "भाकर." बस. त्यापुढे वाक्य जुळत नाही. कितीतरी वर्षं मी त्यांना बुजरी समजत होते. आता वाटतं, त्यांची पहिली तीन वर्षं झोळीत, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर गेली असतील.

एका प्रशिक्षणाच्या निमित्तानं एमी वर्नर या विकासात्मक मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचनात आलं. त्यांनी हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास केला, आणि तो पार ती मुलं चाळिशीला येईपर्यंत चालवला. आईच्या पोटात असल्यापासून नोंदी. मग पहिलं वर्ष, दुसरं, दहावं, अठरावं, बत्तिसावं, चाळिसावं. बेटावर ऊस आणि अननसाचे मळे, आईबाप बरेचसे मळ्यांतले मजूर. म्हणजे आपल्याला अगदी परकी वाटावीत अशी माणसं नव्हेत.

त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं त्यांनी जोखमीची मानली. घरात गरिबी, जन्माच्या वेळी गुंतागुंत, बापाचं दारूचं व्यसन, घरातलं भांडण, आईचं मानसिक आजारपण, अशा गोष्टींतल्या चार किंवा जास्त ज्यांच्या वाट्याला दोन वर्षांच्या आतच आल्या, ती. या मुलांपैकी दोन तृतीयांश पुढे शिकण्यात मागे पडली किंवा वागण्यात बिघडली. पण ७२ मुलं धडधाकट मनाची, कामाची, माया करणारी माणसं झाली. वर्नरबाईंनी आयुष्य घालवलं ते या ७२ जणांच्या मागे. यांच्याकडे असं काय होतं?

पुष्कळ गोष्टी निघाल्या, पण एक जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत दिसली. लहानपणी त्यांना निदान एक माणूस असं मिळालं होतं, ज्याला ते लेकरू मनापासून हवं होतं आणि जे सतत त्याच्या जवळ होतं. आईच असायला हवी असं काही नाही. आजी, मोठी बहीण, मावशी, शेजारीण, पुढे शाळेतले गुरुजी, कोणीही.

हे वाचलं आणि मला ती बाभूळ आठवली. आपल्या गावांत वेचणीच्या चार महिन्यांत हे एक माणूस कुठून आणायचं? तुमच्या गावात काय करतात? जे होतं ते लिहा, आणि काय व्हायला पाहिजे तेही लिहा.

पऱ्हाटीवाला

मॅडम, खरं लिहिलं. पण एक गोष्ट सांगतो. पहिले सासू घरी राहे, लेकरू तिच्या मांडीवर. आता सासूबी वेचाले जाते, काऊन का एका माणसाच्या मजुरीत घर चालत नाही. माह्या घरचंच सांगतो, साडेचार एकर कोरडवाहू हाये. माही माय पासष्टीची, गुडघे दुखतात, तरी ती वेचाले जाते. नातवाले घेऊन बसली त तिची मजुरी जाते. म्हणजे तुमचं ते एक माणूस गावात हाये, पण ते वावरात हाये.

अंगणवाडीची ताई

बाई, धागा काढल्याबद्दल आभार. मी सेविका आहे, सतरा वर्षं झाली. लोकांना वाटतं शून्य ते सहा वर्षांचं सगळं अंगणवाडी बघते. कागदावर तसंच आहे. पण तीन वर्षांच्या आतलं लेकरू अंगणवाडीत बसत नाही. त्याचं वजन-उंची घेतो, लसीच्या दिवशी बोलावतो, घरी खायचं पाकीट देतो. बसतात ती तीन ते सहाची. म्हणजे तुम्ही झोळीत पाहिलेलं बाळ माझ्या रजिस्टरमध्ये आहे, मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्येही आहे, माझ्यासमोर मात्र महिन्यातून एकदाच येतं.

आमच्याकडे 'आरंभ'चं प्रशिक्षण झालं होतं. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि युनिसेफ यांनी मिळून सेविकांसाठी बसवलेला कार्यक्रम. त्यात गृहभेटीला गेल्यावर आईला नुसतं 'काय खाऊ घालता' न विचारता बाळाशी खेळून दाखवायचं, बोलून दाखवायचं. पालक मेळावाही घेतला होता. बाप आले होते! एक बाप टोपलीखाली वाटी लपवून स्वतःच्या दीड वर्षाच्या मुलीला शोधायला लावत होता आणि ती सापडल्यावर पोरीपेक्षा जोरात हसत होता. तो माणूस मी चार वर्षं ओळखत होते, त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

पण मेळावा वर्षातून एखादा. गृहभेट दुपारी करायची म्हटली तर वेचणीच्या दिवसांत घरी कोणी नसतं. कुलपाला काय शिकवणार?

कॅन्ससमधला वऱ्हाडी

मूळचा दारव्ह्याकडचा, आता अमेरिकेत. या विषयात इकडे एक जुना वाद आहे, तो सांगून ठेवतो, कारण आपल्याकडेही तो वेगळ्या रूपात येतो. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी इथल्याच ४२ कुटुंबांत दर महिन्याला जाऊन घरातलं बोलणं टिपलं आणि १९९५ साली मांडलं की चौथ्या वर्षापर्यंत गरीब घरातल्या मुलाच्या कानावर सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. आकडा घरोघरी पोचला. त्यातून बोलणं असं झालं की गरीब आया लेकरांशी बोलत नाहीत, त्यांना शिकवा. पुढे २०१८ मध्ये इतर संशोधकांनी पुन्हा मोजणी केली, घरातल्या बाकीच्या माणसांचं आणि आजूबाजूचं बोलणंही धरलं, तेव्हा ती दरी तशी दिसली नाही.

म्हणून माझं म्हणणं, आईला शिकवण्याआधी तिच्या हातात पैसा द्या. वेळ आपोआप येईल.

धुऱ्यावरची शाळा

@कॅन्ससमधला वऱ्हाडी, दादा, आईला दोष देण्याचा सूर माझ्या लिहिण्यात कुठे आला असेल तर दाखवा, मी तो काढून टाकते. पण पैशाने वेळ आपोआप येतो का, याबद्दल मला शंका आहे. आमच्याकडे पैसा जरा आला की आधी कृषी केंद्राची उधारी फिटते.

आणि एक. तुम्ही सांगितलेल्या दुसऱ्या मोजणीतल्या घरांत आजूबाजूला बोलणारी माणसं होती, तशी इथेही आहेत. झोळीजवळ अकरा बाया होत्या आणि त्या एकमेकींशी भरभरून बोलत होत्या. बाळाच्या कानावर बोलणं पडतच होतं. त्याच्याकडे बघून, तो 'ऊं' म्हणाला तर उलट 'ऊं' म्हणणारं कोणी नव्हतं.

कॅन्ससमधला वऱ्हाडी

पटलं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पैशाबद्दलचा इथला पुरावाही सरळ नाही. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स, ओमाहा आणि मिनियापोलिस-सेंट पॉल इथल्या १००० गरीब बाळंतिणी घेऊन एक मोठा प्रयोग सुरू झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट; एकाला दरमहा ३३३ डॉलर, दुसऱ्याला २०. कोणतीही अट नाही. बाळं वर्षाची झाली तेव्हा जास्त पैसे मिळालेल्या घरांतल्या बाळांच्या मेंदूच्या लहरींत फरक दिसला, मोठ्या बातम्या झाल्या. पण चौथ्या वर्षी भाषा, एकाग्रता वगैरे तपासलं तर दोन्ही गट सारखेच निघाले. पैसा देऊ नये असा याचा अर्थ मी मुळीच काढणार नाही, आईच्या ताटात चार घास जास्त पडणं हे स्वतःच चांगलं आहे. पण वरचं माझं 'आपोआप' मी मागे घेतो.

वाशीमचा गुरुजी

पहिलं पोट भरा, मग खेळणी. कुपोषित लेकराला खुळखुळा देऊन काय होणार? राज्यात पाच वर्षांखालच्या १०० पैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं कमी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला आकडा आहे हा.

लेकरांचा डॉक्टर

गुरुजी, नेमका हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी जमैकात विचारला गेला, आणि त्याचं उत्तर इतकं नीट मिळालं आहे की ते प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लिहावं असं मला वाटतं.

सॅली ग्रँथॅम-मॅकग्रेगर या डॉक्टर बाईंनी १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची १२९ खुजी राहिलेली मुलं घेतली. तुमच्या त्या ३५ मधलीच म्हणा. चार गट केले. एकाला काहीच जादा नाही. दुसऱ्याला दर आठवड्याला किलोभर दूधपावडरीचा आहार. तिसऱ्याला आहार नाही, पण आठवड्यातून एकदा तासभर वस्तीपातळीवरची आरोग्यसेविका घरी यायची, आईसोबत बसून बाळाशी खेळायची, आणि खेळणं ठेवून जायची. चौथ्याला दोन्ही. खेळणी विकतची नव्हती, रिकाम्या बाटल्या, खोके, चिंध्या यांची केलेली. दोन वर्षं हे चाललं.

दोन वर्षांनी आहारानंही फरक पडला होता, खेळानंही, आणि दोन्ही मिळालेली मुलं तर धडधाकट मुलांच्या जवळपास पोचली होती. पण पुढे वर्षं गेली तशी नुसत्या आहाराची बुद्धीवरची छाप पुसट होत गेली. खेळाची टिकली. ती मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा खेळगटातल्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. गुरुजी, पोट भरलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण 'आधी' आणि 'मग' असं करायला लेकराजवळ वेळ नसतो. दोन वर्षांचं झालं की ती दोन वर्षं गेली.

आणि ती सेविका! जमैकात तिच्याजवळ मोठी पदवी नव्हती. आपल्या गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्याची मुळं तिथे आहेत. बाळ जगवायला जी बाई पुरली, ती बाळाशी खेळायला शिकवायलाही पुरेल. विदर्भाला हे कोणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही.

अंगणवाडीच्या ताईंच्या कुलपाच्या प्रश्नावरही एक वाट आहे. जमैकाची पद्धत ओडिशात १९२ गावांत करून पाहिली. काही गावांत घरोघरी भेट, काहींत आयांना एकत्र बसवून गटात. दोन्हींचा फायदा सारखाच निघाला आणि गटाचा खर्च कितीतरी कमी. म्हणजे कुलूपबंद घरी चकरा मारण्यापेक्षा आया जिथे आधीच जमलेल्या आहेत तिथे जाणं शहाणपणाचं.

मेळघाटातून

आमच्या धारणी भागातलं एक टाकतो. आमच्याकडे घरची भाषा कोरकू. लेकराशी कोरकूत बोलणारी आजी घरात असते, ती दिवसभर बोलते, त्याला सगळं कळतं. मग ते अंगणवाडीत येतं आणि तिथे सगळं मराठीत. तिथे ते गप्प होतं, आणि आम्ही लिहितो 'प्रतिसाद कमी'. यवतमाळला कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, असंच होत असेल. बाई, तुमच्या एका शब्दात बोलणाऱ्या चार-पाच मुलांची घरची भाषा कोणती, हे एकदा बघा.

धुऱ्यावरची शाळा

@मेळघाटातून, तुमचं वाचून आज हजेरीपट घेऊन बसले. पाचपैकी दोघं कोलाम पोडावरची आहेत. अकरा वर्षांत हा विचार मला सुचला नव्हता, याचं फार वाईट वाटलं. उद्या त्यातल्या एकीच्या आजीला शाळेत बोलावते, कोलामीत गोष्ट सांगायला.

चक्कीवरचा

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण वर्नरबाईंच्या ७२ मुलांबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

आमचा बाप मी तीन वर्षांचा असताना गेला. कसा गेला ते आपल्या भागात सांगावं लागत नाही. माय मजुरीला. मी गावभर उघडा फिरायचो. गावात एक पिठाची चक्की होती, ती चालवणारी बाई मला दिसेल तेव्हा हाक मारायची. ज्वारीच्या ढिगाजवळ बसवून म्हणायची, सांग, या डब्यात किती पायल्या बसतील? मी काहीही सांगायचो. मग ती मोजून दाखवायची. मी चुकलो तरी 'जवळ आला होता' म्हणायची. चार वर्षं हे चाललं. पीठ उडून तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, तो चेहरा अजून दिसतो. शाळेत गेलो तेव्हा मला गणित आधीपासून येत होतं असं सगळ्यांना वाटलं. आज एसटीत वाहक आहे, घर आहे, दोन मुली शिकतात. माझ्या मायनं मला वाढवलं, पण माझ्याशी बोलली ती चक्कीवाली.

पऱ्हाटीवाला

दादा, तुमचं वाचून गलबलून आलं.

लेकरांचा डॉक्टर

@चक्कीवरचा, तुमच्यासारख्यांसाठी वर्नरबाईंच्या अभ्यासातलं आणखी एक सांगतो. जी मुलं अठराव्या वर्षी बिघडलेली दिसली होती, त्यांतलीही बरीचशी तिशी-चाळिशीत सावरली. कोणी मोठेपणी पुन्हा शिकलं, कोणी सैन्यात गेलं, कोणाला चांगला जोडीदार मिळाला. तेव्हा पहिली तीन वर्षं हातची गेली म्हणून कोणा मुलावर फुली मारू नये. आम्ही डॉक्टर मंडळी हे कधी कधी विसरतो.

गोंदियाची काकू

मी वेगळं सुचवते. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेनं फुलवारी चालवल्या आहेत. सहा महिने ते तीन वर्षांची लेकरं, गावातलीच एक बाई दिवसभर सांभाळते, खाऊ घालते, खेळवते. माय रानात, लेकरू फुलवारीत, आणि मोठी बहीण शाळेत. बाईंच्या त्या तिसरीतल्या मुलीबद्दल इथे कोणीच काही बोललं नाही म्हणून मुद्दाम लिहिते. पाळणाघर दोघांसाठी असतं, झोळीतल्यासाठी आणि दोरी ओढणारीसाठी.

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात हे लिहूनच ठेवलं होतं: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका बाईला त्यांना सांभाळायचं काम द्यायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. सरकारी खड्ड्यावर जे चालतं ते खासगी वावरात का चालू नये? कापूस वेचायला दहा बाया लावणारा शेतकरी अकरावी लावू शकतो.

अंगणवाडीची ताई

काकू, बरोबर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा काढली होती. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. अंगणवाडीही त्यांच्याच विचारातून, लेकरांच्या अंगणात जाऊन. आम्हाला प्रशिक्षणात हे शिकवतात, आणि मग आम्ही इमारतीत बसून लेकरांची वाट बघतो.

पऱ्हाटीवाला

मॅडम, दोन दिवस विचार केला, घरीबी बोललो. सोमवारपासून माह्या वावरात दुसरी वेचणी हाये. नऊ बाया येतात, त्यांची चार लेकरं तीन वर्षांच्या आतली. मायले यंदा वेचाले नाही लावत. ती धुऱ्यावरच्या निंबाखाली लेकरं घेऊन बसंल, तिची दिवसाची मजुरी मी देतो, बाकी बायांएवढी. बायकोनं हिशेब केला, झेपते. काय काय लागंल ते सांगा. मायले वाचता येत नाही, पण गोष्टी लय येतात.

धुऱ्यावरची शाळा

दादा, काय लिहू तेच कळत नाही. वाचता येण्याची काहीच गरज नाही, गोष्टी येतात तेवढं पुष्कळ झालं.

सतरंजी, प्यायच्या पाण्याचा झाकणाचा डबा आणि दोन-तीन वाट्या घ्या. एकात एक बसणारे तीन स्टीलचे डबे असले तर न्या, वर्षाचं लेकरू त्यावर तासभर रमतं. जुनं लुगडं, झोळीसाठी आणि लपंडाव खेळायला. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दोन-चार धुऊन वाळवून ठेवा, त्यात मूठभर तूर घातली की खुळखुळा झाला. एकाच गोष्टीची काळजी घ्या. बाटलीचं झाकण घट्ट लावून वरून मोळीच्या सुतळीनं आवळून बांधा आणि आधी स्वतः ओढून बघा. दाणा बाहेर आला तर लेकरू नाकातोंडात घालतं. नुसती चिकटपट्टी चालत नाही, ती दातानं निघते.

मी मंगळवारी शाळा सुटली की येते. अंगणवाडीच्या ताई, तुमचं गाव आमच्यापासून लांब नसेल तर तुम्हीही या, ती टोपलीखालची वाटी आजीला दाखवायला. आणि दादा, नऊ बायांपैकी कोणाची मोठी मुलगी धुऱ्यावर येत असेल, तर तिचं नाव आणि इयत्ता मला आजच कळवा.

पऱ्हाटीवाला

दोघी हायेत. एक चौथीत, एक दुसरीत. दुसरीतली तुमच्याच वर्गातली हाये, मॅडम.